चिप बसवायची आहे? आधी वही-पेन घ्या

लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या आणि खाली चाळीच्या जिन्याजवळ कुणीतरी हजाराची माळ लावली. गुंड्याने, आमच्या कुत्र्याने, एकच हिसडा दिला. पट्टा माझ्या हातात राहिला आणि गुंड्या लालबागच्या गर्दीत नाहीसा झाला. पट्ट्याला पितळेचा बिल्ला होता, त्यावर आमचा फोन नंबर कोरलेला. तोही अर्थात माझ्याच हातात.

तिसऱ्या दिवशी तो वडाळ्याला सापडला. एका चहावाल्याने त्याला बिस्किटं घालून, गळ्यात सुतळी बांधून जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मानेवरून स्कॅनर फिरवला, टुक् आवाज आला आणि पडद्यावर पंधरा आकडे उमटले. गुंड्याला वर्षभरापूर्वीच चिप बसवली होती. पण त्या आकड्यांना आमचं नाव कुठेच जोडलेलं नव्हतं. नोंदणीचा कागद ‘घरी जाऊन भरा’ म्हणून मिळाला होता, तो विजेच्या बिलांबरोबर टेबलाच्या खणात पडून होता. चूक सर्वस्वी आमची.

डॉक्टरबाई हुशार निघाल्या. आकड्यांच्या सुरुवातीवरून चिप कोणत्या कंपनीची ते त्यांनी ओळखलं, पुरवठादाराला फोन लावला. ती चिप ज्या खोक्यातली होती ते खोकं कोणत्या दवाखान्याला दिलं, हे त्याच्याकडे होतं. त्या दवाखान्याच्या वहीत आमच्या ह्यांचा मोबाइल होता. गुंड्या संध्याकाळी घरी आला आणि आल्या आल्या पलंगाखाली शिरला तो दुसऱ्या दिवशी दुपारीच बाहेर आला.

तेव्हापासून ओळखीत कुणी पिल्लू आणलं की मला फोन येतो. फोनवर दर वेळी जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

चिप म्हणजे नेमकं काय

कातडीखाली टोचायची, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी. साधारण १२ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड. लहान पिल्लांसाठी आणि मांजरांसाठी ८ मिलिमीटरचीही मिळते. आत एक बारीक तारेचं वेटोळं आणि एक नंबर साठवलेला तुकडा, बस. बॅटरी नाही. मेट्रोचं कार्ड गेटवर टेकवलं की गेटच्याच शक्तीवर क्षणभर जागं होतं ना, तसंच हेही. स्कॅनर जवळ आला की त्याच्या चुंबकीय क्षेत्राने वेटोळ्यात वीज येते, चिप आपला नंबर सांगते आणि पुन्हा गप्प होते. म्हणून ती कधी ‘संपत’ नाही, जनावराच्या आयुष्यभर पुरते.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ह्यात जीपीएस नाही. कुत्रा कुठे फिरतोय ते चिपवरून कळत नाही. स्कॅनर काही सेंटिमीटरवर आणावा लागतो. ठिकाण दाखवणारं यंत्र हवं असेल तर ते पट्ट्याला लावायचं वेगळं मिळतं, त्याला चार्जिंग लागतं आणि पट्टा निघाला की तेही निघतं. आपल्या फोननेही चिप वाचता येत नाही. फोनमधलं टेकवून पैसे देण्याचं तंत्र १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं, चिप १३४.२ किलोहर्ट्झवर. दोघांची भाषाच वेगळी.

आमच्या सासूबाई सावंतवाडीकडच्या. गावाला गोठ्यातल्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर बारा आकडे हे त्यांनी पाहिलेलं. चिपचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे हेचाय आधार कार्ड झाला म्हण!” उपमा चांगली आहे, पण एका ठिकाणी फसते. गुरांच्या बिल्ल्यामागे सरकारची देशभराची एकच नोंद आहे. कुत्र्या-मांजरांच्या चिपमागे तशी नाही. चिप बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपन्यांच्या आपापल्या नोंदवह्या, जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाची स्वतःची, दवाखान्यांच्या वह्या असा सगळा विखुरलेला कारभार आहे. आमची गोची झाली ती इथेच.

दवाखान्याला फोन करून काय विचाराल

‘चिप लावता का?’ एवढंच विचारू नका. चार गोष्टी विचारा.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ ह्या आंतरराष्ट्रीय मानकांची आहे का? ह्या चिपचा नंबर १५ आकडी असतो आणि तिचा स्कॅनर जगभर मिळतो. जुन्या पद्धतीच्या ९ किंवा १० आकडी चिपही आहेत, त्या सगळ्या स्कॅनरना वाचता येत नाहीत. स्वस्तात मिळते म्हणून तसली घेऊ नका.

स्कॅनर त्यांच्याकडे स्वतःचा आहे का? चिप आहे पण स्कॅनर नाही म्हणणारा दवाखाना असेल तर दुसरीकडे जा. टोचण्याआधी आणि टोचल्यावर वाचून पाहणार कशाने?

नोंदणी कोण करणार, कुठे करणार? आणि पैशांत काय काय धरलं आहे: नुसती चिप, की टोचणं आणि नोंदणीही? आम्ही सगळं मिळून पंधराशे दिले. पण माझ्या बहिणीला मुलुंडला चिपचे वेगळे, टोचण्याचे वेगळे आणि तपासणीचे वेगळे सांगितले. आधी विचारलेलं बरं.

परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. पण चिपसाठी मोठं रुग्णालयच गाठायला हवं असं नाही. नेहमीचे डॉक्टर, ज्यांच्या टेबलावर तुमचं जनावर थरथरत नाही, ते सगळ्यात उत्तम.

ब्रीडरकडून पिल्लू घेत असाल तर एक लक्षात ठेवा. २०१७ च्या कुत्रा प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे ब्रीडरकडच्या कुत्र्यांना चिप असायला हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. चिप आहे असं तो सांगत असेल तर पैसे देण्याआधी समोर स्कॅन करून घ्या आणि नंबर कागदांवरच्या नंबरशी आकडा-आकडा जुळवा. केनेल क्लबचे कागद असतील तर मालकीही तुमच्या नावावर करून घ्या. नाहीतर पुढे कुत्रा सापडला की फोन ब्रीडरला जाईल.

टोचण्याचा दिवस

वय म्हणाल तर आठ आठवड्यांच्या पुढे, लसीच्या फेरीत उरकून टाकता येतं. पुष्कळ डॉक्टर नसबंदीच्या वेळी, भुलीतच चिप घालतात. सुई जाड असते, लसीच्या सुईपेक्षा चांगलीच जाड, त्यामुळे हळव्या मालकांसाठी हा मार्ग बरा. मुद्दाम भूल द्यायची मात्र गरज नसते.

क्रम असा हवा. आधी जनावर स्कॅन करायचं, कारण रस्त्यावरून किंवा दुसऱ्या घरून आलेल्याला आधीच चिप असू शकते. दुसरी घातली की दोन नंबर होतात आणि घोळही दोन. मग पाकीट फोडण्याआधी पाकिटातली चिप स्कॅन करून नंबर स्टिकरशी जुळवायचा. हे डॉक्टर करत नसतील तर तुम्ही सांगा, अजिबात लाजू नका. मग मानगुटीची सैल कातडी चिमटीत वर उचलून, दोन खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली सुई जाते. एक दोन सेकंद. गुंड्याने मान वळवून डॉक्टरांकडे असं पाहिलं की जणू उधारी मागितली आहे, आणि मग चिकनच्या तुकड्यावर लक्ष गेलं. रक्ताचा एखादा थेंब येतो. लगेच तिथेच पुन्हा स्कॅन करायचं. पडद्यावर तोच नंबर आला की झालं.

घरी आल्यावर दोन दिवस आंघोळ नको आणि ती जागा चोळायची नाही. पोरं ‘कुठेय, कुठेय’ करत चाचपायला बघतात, त्यांना आवरा. कातडीखालची ऊती चिपभोवती धरायला थोडा वेळ लागतो. सूज वाढली किंवा पू दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

‘कॅन्सर होतो म्हणे’ हा प्रश्न हमखास येतो. चिपच्या जागी गाठ आल्याची मोजकी प्रकरणं नोंदलेली आहेत, कुत्र्या-मांजरांत ती फारच विरळ. मुंबईत पट्टा निसटून गाडीखाली जाण्याची किंवा कायमचं हरवण्याची भीती मला त्याहून कितीतरी खरी वाटते.

आता वही-पेन

पाकिटाबरोबर बारकोडचे स्टिकर येतात. ते डॉक्टरांकडे सोडून येऊ नका. एक लसीच्या पुस्तकात, एक दवाखान्याच्या वहीत तुमच्या नाव-फोनसकट, एक घरच्या फाइलमध्ये. नंबर हाताने लिहिताना तीन-तीन आकड्यांच्या पाच गटांत लिहा. मधे शून्यांची रांग असते, सलग लिहिताना एखादं गळतंच. आणि स्टिकरचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी फोनवर ठेवा.

पहिले तीन आकडे बघून ठेवा. ते ९०० ते ९९८ च्या दरम्यान असतील तर तो चिप बनवणाऱ्याचा संकेतांक. ३५६ असेल तर भारताचा देश-संकेतांक. आपल्याकडे बहुतेकांच्या चिपवर पहिल्या प्रकारचा दिसतो. हरवलेल्याचा माग काढायची वेळ आली तर दोरीचं टोक इथून सुरू होतं, वडाळ्याच्या डॉक्टरबाईंनी तेच पकडलं. (९०० हा आकडा मात्र अनेक उत्पादकांत वाटलेला आहे, तिथे पुढचे आकडेही लागतात.)

मग नोंदणी. त्याच दिवशी, दवाखान्याच्या बाकावर बसूनच, फोनवरून करा. कागद घरी आणलात की तो खणात जातो, मी सांगते. नोंदणी झाली की घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून त्याच नोंदवहीत आपला नंबर शोधून बघा. दिसतो का? नसेल तर नोंदणी झालेलीच नाही, नुसता फॉर्म भरला गेला.

फोन नंबर दोन द्या आणि दुसरा तुमच्या घरात न राहणाऱ्या माणसाचा द्या. गणपतीत अख्खं घर कोकणात, गुंड्या बोर्डिंगमध्ये, आणि आमच्या वाडीत रेंज पिंपळाच्या पारावर उभं राहिलं तरच येते. अशा वेळी तिथून सुटलेला कुत्रा सापडला तर फोन लागायचा कुणाला? आम्ही माझ्या भावाचा नंबर दिला आहे, तो डोंबिवलीला असतो आणि फोन उचलतो. (दुसरा गुण पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.)

सिम बदललं, घर बदललं, पुनर्विकासात इमारत पाडली आणि तीन वर्षं भाड्याने दुसरीकडे गेलात, की बँकेआधी नाही तरी बँकेबरोबर चिपची नोंद बदला.

आणि हो, चिप आली म्हणून बिल्ला काढू नका. रस्त्यावरच्या माणसाकडे स्कॅनर नसतो, डोळे असतात. पट्टा मात्र असा हवा की दोन बोटं आत जातील आणि डोकं बाहेर येणार नाही. आमचा डोकं निसटेल इतका सैल होता.

महापालिकेचा परवाना

मुंबईत कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला जोडावा लागतो. चिप बसवली म्हणजे परवाना झाला असं नाही आणि परवाना आहे म्हणजे चिप नको असंही नाही. सोसायटीत कुत्र्यावरून वाद निघाला की परवाना आणि लसीचं पुस्तकच कामाला येतं. पुस्तकातल्या लसीच्या नोंदीशेजारी चिपचा नंबर असला तर ‘हा दाखला ह्याच कुत्र्याचा कशावरून?’ ह्या प्रश्नाला उत्तर मिळतं.

रस्त्यावरचा कुत्रा घरी आणला असेल आणि त्याच्या कानाला काप असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे, एवढंच त्यावरून कळतं. तो काप म्हणजे मालकाची ओळख नव्हे. तुमच्या घरात राहणार असेल तर त्याला चिप हवी.

मांजरवाल्यांसाठी

‘आमची मनी घराबाहेर जातच नाही’ म्हणणाऱ्यांच्या मनीच जास्त हरवतात. खिडकीची जाळी सरकते, रंगारी दार उघडं टाकतो. मांजर पट्टा टिकू देत नाही आणि टिकला तर तो ताणल्यावर आपोआप सुटणाराच हवा, नाहीतर ग्रीलमध्ये अडकून फास बसतो. म्हणजे मांजराची ओळख ठेवायला चिपसारखं दुसरं काही नाही. शिवाय कोळीवाड्यातले निम्मे बोके एकसारखे भगवे पट्टेरी असतात. तो आपलाच हे शेजाऱ्यांना पटवायला स्कॅनर फार उपयोगी पडतो.

परदेशी जाणार असाल तर

हा भाग नीट वाचा, कारण इथे क्रम चुकला तर महिने वाया जातात.

युरोपीय संघात नेण्यासाठी चिप आधी आणि रेबीजची लस नंतर असा नियम आहे. एकाच दिवशी केलं तरी चालतं, पण चिप आधी वाचलेली हवी. चिपच्या आधी टोचलेली लस धरलीच जात नाही, ती पुन्हा घ्यावी लागते. भारत त्यांच्या सवलतीच्या यादीत नसल्यामुळे लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून त्यांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेत लसीने तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) मोजावी लागतात. मिलिलीटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त हवीत. रक्त काढल्या दिवसापासून पुढे तीन महिने थांबायचं. म्हणजे चिपपासून विमानापर्यंत चार महिने तर गेलेच. जपानला चिपनंतर रेबीजच्या दोन लसी, मग तपासणी आणि १८० दिवसांची वाट. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून येणाऱ्या कुत्र्यांना आयएसओ स्कॅनरने वाचता येणारी चिप आणि किमान सहा महिन्यांचं वय सक्तीचं केलं आहे.

निघताना आरोग्याचा दाखला केंद्र सरकारच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) आणि प्रमाणन सेवेकडून घ्यावा लागतो, त्यांचं केंद्र मुंबईत आहे. नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी पानावरची ताजी अट वाचा. आमच्या ओळखीत एका जोडप्याने जर्मनीची नोकरी लागल्यावर आधी सामान पाठवलं, मग कुत्र्याची चिप केली. कुत्रा पाच महिने दादरला आजीकडे राहिला. आता तो आजीला सोडायला तयार नाही.

हरवला तर, सापडला तर

हरवला तर नोंदवहीत ‘हरवला’ अशी खूण करता येते का पाहा आणि आजूबाजूच्या दवाखान्यांना फोन करून नंबर कळवा. सोसायटीच्या, वॉर्डाच्या ग्रुपवर फोटो टाका, ‘चिप आहे’ असंही लिहा. पण पूर्ण नंबर तिथे टाकू नका. पुढे कुणी ‘हा माझा’ म्हणत उभा राहिला तर तो नंबर तुम्हाला ठाऊक असणं आणि त्याला नसणं हा पुरावा असतो. बिलं, जुने फोटो, लसीचं पुस्तक जोडीला असू द्या, नुसत्या चिपवर मालकी ठरत नाही.

तुम्हाला कुणाचा कुत्रा सापडला तर जवळच्या दवाखान्यात नेऊन स्कॅन करायला सांगा. मान झाली, आवाज आला नाही, की लोक थांबतात. थांबू नका. धातूचा पट्टा असेल तर काढा आणि स्कॅनर हळूहळू, अंगाला लागून, नागमोडी फिरवायला सांगा: पाठ, दोन्ही खांदे, छाती, पुढच्या पायांची कोपरं. चिप कातडीखाली थोडी सरकू शकते.

ह्या वर्षी गुंड्याच्या लसीला डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे मानेवर स्कॅनर धरला. काही नाही. माझ्या पोटात गोळा आला. मग तो पुढे, खाली, उजव्या खांद्याच्या खालच्या बाजूला नेला तेव्हा कुठे टुक् वाजलं. डॉक्टरांनी पुस्तकात स्टिकरखाली ‘उजवा खांदा, खाली’ असं पेनाने लिहिलं आणि तारीख घातली.